दोन्ही वाढतात, म्हणून समचलन?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची आहे आणि तिच्याबरोबर मीही पुन्हा बीजगणित शिकते आहे. समचलनाच्या धड्यावर आम्ही दोघी अडलो आहोत. 'एक राशी वाढली की दुसरीही वाढते, तेथे समचलन असते' हे वाक्य मला शाळेपासून पाठ आहे आणि तेच मी तिला सांगितले. त्यानुसार य = २क्ष + ३ याला आम्ही समचलन म्हटले; ते चुकले. २क्ष − ५य = ० यात वजाबाकी दिसली म्हणून 'नाही' म्हटले; तेही चुकले. ४(क्ष + २) = य + ८ हे समचलन आहे असे उत्तरांत छापले आहे, पण ते का, हे दोघींनाही समजले नाही. शेवटी मुलीने विचारले, 'आई, तुझे आणि माझे वय समचलनात आहे का?' मी ४२ वर्षांची आहे, म्हणजे बरोबर तिच्या तिप्पट, म्हणून मी 'होय' म्हटले. आता त्या उत्तराचीही खात्री वाटत नाही. समीकरण पाहून समचलन कसे ओळखावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

नुसते 'उत्तरे चुकली' असे न लिहिता कोणत्या समीकरणाला काय म्हटले आणि ते कशामुळे, हे तुम्ही कळवलेत, त्यामुळे अडचण कोठे आहे ते लगेच दिसले. तुमचा हिशेब कोठेही चुकलेला नाही. चूक त्या पाठ असलेल्या वाक्यात आहे. 'एक वाढली की दुसरी वाढते' हे समचलनाची ओळख म्हणून अनेक वर्गांत सांगितले जाते आणि मला ते मनापासून खटकते, कारण त्यात वाढ होते एवढेच सांगितले आहे. ती वाढ कशी होते याविषयी ते काहीच बोलत नाही, आणि समचलनाचा सगळा अर्थ त्या 'कशी'मध्येच आहे.

वाढ दोन रीतींनी मोजता येते: किती अधिक झाले, आणि किती पट झाले. समचलनाचा संबंध केवळ दुसऱ्या रीतीशी आहे. क्षची किंमत दुप्पट केली की यची किंमतही दुप्पट व्हावी, तिप्पट केली की तिप्पट, दीडपट केली की दीडपट आणि निम्मी केली की निम्मी. हे सर्व प्रत्येक वेळी घडायचे असेल, तर य आणि क्ष यांचे गुणोत्तर कधीच बदलता कामा नये. त्या न बदलणाऱ्या गुणोत्तराला चलनाचा स्थिरांक म्हणतात. त्यासाठी क हे अक्षर घेतले तर समचलनाचे समीकरण य = क × क्ष असे होते, आणि त्यात क शून्य नसतो. मुलीला जुन्या वाक्याऐवजी हे सांगावे: एक राशी जितक्या पट होते, तितक्याच पट दुसरी होते.

आता य = २क्ष + ३ या समीकरणाकडे पुन्हा पाहू. क्षच्या जागी १, २, ३, ४ घातले तर यच्या किमती ५, ७, ९, ११ येतात. या किमती इतक्या शिस्तीत वाढतात की फसायला होते. क्ष एकाने वाढला की य प्रत्येक वेळी नेमका दोनने वाढतो. परंतु क्ष १ वरून २ झाला, म्हणजे दुप्पट झाला, तेव्हा य ५ वरून १० व्हायला हवा होता आणि तो ७ झाला. गुणोत्तरे काढून पाहिली तर ती ५, ३.५, ३, २.७५ अशी घसरत जातात. ती का घसरतात हेही समीकरणातच दिसते. दोन्ही बाजूंना क्षने भागले की य/क्ष = २ + ३/क्ष असे मिळते, आणि उजवीकडचे ३/क्ष हे पद क्षबरोबर बदलत राहते. क्षची किंमत १००० घेतली तर गुणोत्तर २.००३ येते, म्हणजे ते २ च्या अगदी जवळ पोचते, पण २ होत मात्र नाही. एकट्या उभ्या असलेल्या त्या ३ मुळे हे घडते. अशा संबंधाला एकघाती संबंध म्हणावे. त्याचा आलेख सरळ रेषाच असतो, पण ती रेषा आरंभबिंदूतून, म्हणजे दोन्ही अक्ष जेथे छेदतात त्या बिंदूतून, जात नाही. समचलनाची रेषा आरंभबिंदूतून गेलीच पाहिजे. आलेख सरळ आला एवढ्यावर समचलन ठरवणे ही तुम्ही केलेल्या चुकीचीच दुसरी आवृत्ती आहे, म्हणून तिचाही उल्लेख येथे करतो.

जुने वाक्य आणखी दोन ठिकाणी दगा देते. य = −३क्ष या समीकरणात क्ष वाढला की य कमी होतो; १, २, ३ साठी −३, −६, −९. तरीही गुणोत्तर सतत −३ आहे, क्ष दुप्पट झाला की यही दुप्पट होतो, आणि म्हणून हे समचलनच आहे. शालेय उदाहरणांत राशी बहुधा लांबी, वजन, वेळ अशा असतात आणि स्थिरांक धन येतो, त्यामुळे ही गोष्ट लक्षात राहत नाही. दुसरे ठिकाण वर्गाचे, म्हणजे संख्येला तिनेच गुणण्याचे. वरून सोडलेली वस्तू हवेचा अडथळा नसेल तर पहिल्या एका सेकंदात सुमारे ४.९ मीटर, दोन सेकंदांत १९.६ मीटर आणि तीन सेकंदांत ४४.१ मीटर खाली येते. वेळ वाढते आणि अंतरही वाढते, परंतु वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होते. अंतर भागिले वेळ केले तर ४.९, ९.८, १४.७ अशी वेगवेगळी उत्तरे येतात, म्हणून अंतर आणि वेळ समचलनात नाहीत. आता त्याच अंतराला वेळेच्या वर्गाने भागून पाहा: प्रत्येक वेळी ४.९. म्हणजे अंतर हे वेळेच्या वर्गाशी समचलनात आहे, आणि गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या आरंभी शोधून काढले ते हेच. यासाठी 'समचलन आहे का' हा प्रश्न मला नेहमी अपुरा वाटतो. 'कोणाचे कोणाशी समचलन आहे' असेच विचारायला हवे.

तुमची दुसरी अडचण वेगळ्या स्वरूपाची आहे. २क्ष − ५य = ० यात वजाबाकीचे चिन्ह पाहून तुम्ही नकार दिला, म्हणजे समीकरणाच्या चेहऱ्यावरून निर्णय घेतला. एकच संबंध अनेक रूपांत लिहिता येतो आणि निर्णय देण्यापूर्वी त्याला ओळखीच्या रूपात आणणे भाग असते. त्यासाठी एकच काम करायचे: य एकटा एका बाजूला राहील अशी मांडणी करायची. येथे ५य दुसऱ्या बाजूला नेले की २क्ष = ५य होते, दोन्ही बाजूंना ५ ने भागले की य = (२/५) × क्ष होते. हे थेट य = क × क्ष या साच्यात बसते आणि क = २/५, म्हणजेच ०.४ मिळतो. या टप्प्यावर अनेक विद्यार्थी घाईने स्थिरांक ५/२ लिहितात, कारण मूळ समीकरणात ५ हा आकडा यच्या शेजारी दिसतो. तेथे मुलीला थांबवावे. क्ष हा यशी कसा चलतो असे विचारले तर क्ष = (५/२) × य हे बरोबर आहे, पण मग प्रश्नच उलटा होतो.

४(क्ष + २) = य + ८ हे समीकरण तर मला फार आवडले. ते मुद्दाम अवघड दिसेल असे रचलेले आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंना सुट्या संख्या आहेत, आणि सुटी संख्या दिसली की समचलन नाही असा दुसरा घाईचा नियम आपण मनाशी बांधून टाकतो. कंस सोडवला की ४क्ष + ८ = य + ८ होते. दोन्ही बाजूंचे ८ एकमेकांना छेदून जातात आणि य = ४क्ष एवढेच उरते. याच्या शेजारी ३(य − १) = ६क्ष + २ हे ठेवून पाहा. दिसायला ते पहिल्याचेच भावंड आहे. परंतु कंस सोडवून ३य − ३ = ६क्ष + २, मग ३य = ६क्ष + ५, आणि शेवटी य = २क्ष + ५/३ असे मिळते. येथे सुट्या संख्या एकमेकींना पुरत्या पडल्या नाहीत, ५/३ मागे राहिला, म्हणून समचलन नाही. मूळ समीकरणात सुटी संख्या होती की नव्हती याला महत्त्व नाही. सगळी आवराआवर झाल्यावर ती उरते की नाही एवढेच पाहावे.

भागाकाराच्या रूपांतही असाच गोंधळ होतो. य = क्ष/५ आणि य = ५/क्ष यांत अक्षरे तीच, आकडा तोच, रेघही तीच. पहिल्यात क्ष अंशात आहे, म्हणून ते (१/५) × क्ष झाले आणि समचलन ठरले. दुसऱ्यात क्ष छेदात आहे, म्हणून क्ष दुप्पट झाला की य निम्मा होतो; ते व्यस्त चलन आहे आणि तेथे गुणोत्तर बदलते, गुणाकार कायम राहतो. क्ष × य = १२ हेही त्याच जातीचे. य/३ = क्ष/७ मात्र समचलन आहे, कारण य = (३/७) × क्ष.

घाईच्या वेळी उपयोगी पडेल अशी एक चाचणी सांगतो, पण तिची मर्यादा आधी नीट समजून घ्यावी. समचलनात क्ष = ० घातले की य = ० आलेच पाहिजे, कारण क × ० म्हणजे शून्यच. त्यामुळे शून्य घालून य शून्य आला नाही तर समचलन नाही असे ताबडतोब म्हणता येते. य = २क्ष + ३ मध्ये शून्य घातल्यावर ३ उरतात आणि प्रश्न तेथेच मिटतो. उलट बाजूने मात्र सावध राहावे. य = क्ष × क्ष मध्येही शून्य घातले की शून्यच येते, आणि ते क्षशी समचलन नाही हे आपण वर पाहिले. म्हणून ही चाचणी नाकारण्यासाठी सर्वत्र चालते, पण स्वीकारण्यासाठी फक्त तेथे चालते जेथे दोन्ही चले पहिल्या घाताची आहेत, त्यांचा आपसांत गुणाकार नाही आणि छेदात कोणतेही चल नाही. आणखी एक बारकावा आहे. क्ष शून्य असताना य/क्ष हे गुणोत्तर काढताच येत नाही, कारण शून्याने भागता येत नाही. म्हणून गुणोत्तर तपासताना शून्याची जोडी बाजूला ठेवावी आणि मुख्य व्याख्या म्हणून य = क × क्ष हेच रूप धरावे, कारण ते शून्यालाही लागू पडते.

समीकरणात दोनपेक्षा अधिक अक्षरे आली की मुले बिचकतात, आणि तेथे मला थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण समचलनाची खरी समज तेथेच पारखली जाते. अंतर = वेग × वेळ हे सूत्र घ्या. हे समचलन आहे की व्यस्त चलन? कोणती राशी स्थिर धरली आहे हे सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. वेग कायम असेल तर अंतर वेळेशी समचलनात असते आणि वेग हाच स्थिरांक होतो. वेळ कायम असेल तर अंतर वेगाशी समचलनात असते. अंतर कायम असेल तर वेग आणि वेळ व्यस्त चलनात असतात, कारण त्यांचा गुणाकार बांधला गेला आहे. एकाच समीकरणाची तीन उत्तरे झाली. आयताचे क्षेत्रफळ लांबीशी समचलनात आहे, पण रुंदी बदलणार नाही या अटीवर. याउलट, वर्तुळाचा परीघ = पाय (π) × व्यास यात पाय हे अक्षरासारखे दिसले तरी ती एक ठरलेली संख्या आहे, ३.१४१५९ पासून पुढे जाणारी, म्हणून परीघ आणि व्यास यांचे समचलन कोणत्याही अटीविना आहे. मुलीला सूत्र दिले की आधी त्यातील कोणती अक्षरे बदलतात आणि कोणती जागची हलत नाहीत, हे बोट ठेवून दाखवायला सांगा. मग समचलन ओळखणे फारसे अवघड उरत नाही.

सुट्या संख्येमुळे समचलन मोडते, पण मोजमापाची सुरुवात योग्य जागेपासून केली तर पुष्कळदा तेच समचलन पुन्हा हाती येते. २० सेंटिमीटर लांबीच्या एका स्प्रिंगला १०० ग्रॅम वजन लावल्यावर तिची लांबी २२ झाली, २०० ग्रॅम लावल्यावर २४ झाली, ३०० ग्रॅमला २६ झाली असे समजा. वजन आणि स्प्रिंगची एकूण लांबी समचलनात नाहीत. वजन दुप्पट झाले म्हणून लांबी ४४ झाली नाही. आता लांबीऐवजी लांबीतील वाढ मोजा: २, ४, ६. वजन दुप्पट, वाढ दुप्पट. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये मांडलेला नियम या वाढीविषयीच आहे, आणि स्प्रिंग मर्यादेपलीकडे ताणली जात नाही तोपर्यंत तो लागू पडतो. तापमानाचेही तसेच. फॅरेनहाइट = (९/५) × सेल्सिअस + ३२ यातील ३२ मुळे २० अंश सेल्सिअसचे ६८ होतात, पण ४० अंशांचे १३६ न होता १०४ होतात. तापमानातील फरक मात्र समचलनात आहे: सेल्सिअसमध्ये १० अंशांचा फरक पडला की फॅरेनहाइटमध्ये नेहमी १८ अंशांचा पडतो. दाब कायम ठेवला तर वायूचे आकारमान सेल्सिअस तापमानाशी समचलनात नसते, परंतु −२७३.१५ अंश सेल्सिअसपासून मोजणाऱ्या केल्विन तापमानाशी असते. म्हणून २७ अंशांवरील वायूचे आकारमान दुप्पट करायला ५४ अंश पुरत नाहीत. त्याला सुमारे ३२७ अंशांपर्यंत तापवावे लागते, कारण केल्विनमध्ये हा प्रवास ३०० वरून ६०० असा आहे.

समीकरण न देता किमतींचे कोष्टक दिले असेल तर प्रत्येक जोडीचे गुणोत्तर काढावे, आणि 'प्रत्येक' हा शब्द अक्षरशः घ्यावा. एका जोडीवरून काहीही सिद्ध होत नाही. क्ष = २ असताना य = ६ आहे, एवढ्यावरून य = ३क्ष म्हणता येईल; पण य = क्ष + ४ आणि य = (क्ष × क्ष) + २ हीदेखील त्याच जोडीला तंतोतंत बसतात. त्रैराशिकात, म्हणजे तीन माहीत संख्यांवरून चौथी काढण्याच्या रीतीत, हीच जोखीम असते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये सांगितलेला नियम, म्हणजे फलाला (माहीत जोडीतील उत्तराला) इच्छेने (ज्या राशीचे उत्तर हवे तिने) गुणून प्रमाणाने (माहीत जोडीतील पहिल्या राशीने) भागणे, तुमच्या मुलीला आजही शिकवला जातो. पण त्यात एका जोडीवरून दुसरी काढताना गुणोत्तर कायम आहे हे गृहीत धरलेले असते. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त त्रैराशिक आणि व्यस्तत्रैराशिक ही वेगळी सांगितली आहेत, यावरून राशींचे नाते आधी ठरवायचे आणि हिशेब नंतर करायचा, हा क्रम जुनाच आहे हे दिसते. तीन संख्या दिसल्या की लगेच गुणाकार-भागाकार सुरू करण्याची सवय मुलीला लागली असेल तर ती आताच मोडावी.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो, जो मला तुमच्या पत्रातील सर्वांत चांगला प्रश्न वाटला. तुम्ही ४२ आणि ती १४, म्हणजे गुणोत्तर ३, हे बरोबर आहे. पण तुम्ही उत्तर दिलेत ते एका जोडीवरून. तुमच्यात २८ वर्षांचे अंतर आहे, म्हणून समीकरण 'आईचे वय = मुलीचे वय + २८' असे होते, आणि सगळे आवरल्यावर उरणारी सुटी संख्या येथे उघडच दिसते. शून्याची चाचणी लावली तर तिचे वय शून्य होते त्या दिवशी तुमचे वय शून्य नव्हते, २८ होते. दोघींनी मिळून एक कोष्टक करा. ती १ वर्षाची असताना तुम्ही २९ पट होतात; ती ४ वर्षांची असताना तुम्ही ३२, म्हणजे ८ पट; ती ७ वर्षांची असताना ३५, म्हणजे ५ पट. पुढे ती २८ वर्षांची होईल तेव्हा तुम्ही ५६ म्हणजे दुप्पट असाल, आणि ती ५६ वर्षांची होईल तेव्हा ८४ म्हणजे दीडपट. दोघींचीही वये दर वर्षी न चुकता वाढतात, गुणोत्तर मात्र दर वर्षी घटते, आणि तिप्पट हे नाते केवळ याच वर्षापुरते आहे.